एन्त्रे म्हणजे आत या

काळेवाडीतल्या ओव्हाळांच्या घरात स्पॅनिश कशी शिरली, याचं नातेवाइकांना अजून नवल वाटतं. भीमराज ओव्हाळ पिंपरीतल्या एका कंपनीत रंगकामाच्या खात्यात होते. कंपनी बंद पडल्यावर रावेतच्या एका सोसायटीत वॉचमन झाले. त्यांच्या पत्नी सोजरबाईंचं घरगुती पोळी-भाजी केंद्र. थोरली मुलगी मिनल बी.कॉम. होऊन भोसरीत साचे बनवणाऱ्या एका टूलरूममध्ये रिसेप्शनला बसायची. तिथं एकदा स्पेनहून मशीन आलं आणि सोबत ते बसवायला दोन कारागीर. त्यांचं बोलणं कुणाला कळेना. मिनल फोनमध्ये शब्द टाकून, हातवारे करून मध्ये उभी राहायची. ते दोघं परत गेले, पण तिच्या डोक्यातून ती भाषा जाईना. तिनं पुण्यात रविवारचा क्लास लावला आणि चार वर्षं चुकवला नाही.

काका म्हणायचे, "जर्मन शिकली असतीस तर एक गोष्ट होती. चाकणला स्पॅनिश कोण बोलतं गं?"

मग चाकणमधल्या एका कंपनीनं मेक्सिकोत कारखाना काढला. गिअरबॉक्सची ॲल्युमिनियमची आवरणं ओतणारी कंपनी. इथली जुनी माणसं तिकडे पाठवून लाइन सुरू करायची ठरलं, त्यांना भाषा शिकवायला कुणीतरी हवं होतं, आणि मिनल रुजू झाली. काका गप्प झाले.

पहिल्या तुकडीत सहा जण होते. त्यातला सुजित राजगुरुनगरच्या पुढच्या एका वाडीतला. वय बत्तीस, मशीन दुरुस्तीत हात बसलेला, पण वही समोर आली की घाम फुटायचा. घरी आई-वडील, बायको विजयश्री आणि चालायला लागलेली मुलगी. तिकडे दोन वर्षं काढायची आणि आल्यावर चाकणलाच सुपरवायझर व्हायचं, एवढंच त्याच्या मनात होतं.

मिनल शिकवायची ती मराठीतून. "मित्राला म्हणायचं 'एन्त्रा'. आत ये. साहेबाला, अनोळखी माणसाला, वडीलधाऱ्याला म्हणायचं 'एन्त्रे'. आत या. आत जा म्हणायलाही तोच शब्द. शेवटी 'आ' असला तर 'ए' करायचा, 'ए' असला तर 'आ'. मित्राला 'कोमे', जेव. साहेबाला 'कोमा', जेवा."

वर्ग हसला. "जेवा म्हनायचं तर साहेबाला कोमात घालायचं व्हय?" सुजित म्हणाला, तेव्हा मिनललाही हसू आवरेना.

"म्हंजी मॅडम, मान द्यायचा तर शेपूट उलटं करायचं."

"अगदी तसंच."

दुसरी अडचण मोठी होती. जे घडलं, घडतंय, ते सांगायचं एक रूप. आणि जे घडावं असं वाटतं, किंवा घडेल की नाही याचा भरवसा नाही, त्याचं रूप निराळं. हे निराळं रूप आणि आदराचा हुकूम दिसायला सारखेच. मिनलनं फळ्यावर लिहिलं: तो येतो. त्यानं यावं. "पहिल्यात माणूस दारात दिसतोय. दुसऱ्यात नुसती आपली इच्छा आहे. तो येईल, न येईल."

सुजित बराच वेळ फळ्याकडे बघत राहिला. "माजी आई म्हनती, पोरगा सुखरूप जावो, सुखरूप येवो. त्ये ना?"

"तेच."

"मग आमाला ठाव हाय की हे. उगं घाबरलो."

लेखी परीक्षेत तो काठावर पास व्हायचा, म्हणून मिनलनं कवायत सुरू केली. ती दारापाशी उभी राहून हुकूम सोडायची आणि ही मिशीवाली मोठी माणसं तसं वागायची. एन्त्रे म्हटलं की आत यायचं. साल्गा म्हटलं की बाहेर. एस्पेरे म्हटलं की होते तिथं थांबायचं. पारे म्हटलं की मशीन बंद. शेजारच्या खोलीतली अकाउंट्सची माणसं काचेतून बघून हसायची. "मनात भाषांतर करायचं नाही," मिनल बजावायची. "शब्द कानावर पडला की पाय हलले पाहिजेत." सुजितचे पाय सगळ्यांच्या आधी हलू लागले.

तो गेला आणि तिकडून तिला व्हॉइस मेसेज पाठवू लागला. "मॅडम" जाऊन कधी "ताई" झालं, दोघांच्याही ध्यानात आलं नाही. ताई, हे बरोबर बोललो का बघा. ताई, इथला एऊसेबिओ म्हणतो माझं स्पॅनिश त्याच्या आजीसारखं हाय, लई अदबीचं. एऊसेबिओ हा त्याच्याच पाळीतला मशीनवाला, त्याला तीन मुली होत्या आणि दर रविवारी तो सुजितला घरी जेवायला न्यायचा. एका मेसेजमध्ये मागून कोंबडा आरवत होता आणि सुजित म्हणत होता, "ऐका, मेक्सिकोचा कोंबडा. आपल्यासारखाच वरडतो."

पुढच्या मार्चमध्ये एका सकाळी एचआरच्या मंजुषा मॅडमचा फोन आला. मिनल बसस्टॉपवर होती. "सरळ कॉन्फरन्स रूममध्ये ये. सुजितला अपघात झालाय. त्याच्या घरचे निघालेत. तिकडच्या डॉक्टरांशी बोलायचंय, दुसरं कुणी नाहीये."

झालं होतं असं. साच्यात एक भाग अडकला होता. सुजित जाळीचं दार उघडून तो काढायला आत गेला आणि तेवढ्यात भाग उचलणारा मशीनचा लोखंडी हात फिरला. तो डोक्याच्या मागच्या बाजूला बसला.

मोठ्या टेबलाच्या एका बाजूला सुजितचे वडील मालोजी, आई कुसुमताई आणि विजयश्री बसली. मुलीला शेजारणीकडे ठेवलं होतं. समोर पडदा. तिकडे आदल्या दिवशीची रात्र होती, डॉक्टरीणबाई फेरी संपवून आल्या होत्या. पन्नाशीच्या, थकलेल्या, शब्द तोलून बोलणाऱ्या. त्यांच्या मागे खुर्चीवर एक जाडजूड माणूस टोपी मांडीवर घेऊन बसला होता. सुजितचं तिकडे नात्याचं कुणी नव्हतं, म्हणून एऊसेबिओ बसला होता.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सुजित कोमात आहे. तो शब्द दोन्ही भाषांत सारखाच निघाला. मिनलला क्षणभर वर्गातलं ते हसू आठवलं.

मग त्यांनी जे सांगितलं, ते सगळं त्या दुसऱ्या रूपात होतं. तो शुद्धीवर यावा असं आम्हाला वाटतं. त्याला वेदना होत असाव्यात असं वाटत नाही. नो क्रेओ के देस्पिएर्ते.

"काय म्हनाल्या?" कुसुमताईंनी विचारलं.

"तो जागा होईल असं त्यांना वाटत नाही."

"वाटत न्हाई. म्हंजी ठाव न्हाई." कुसुमताई नवऱ्याकडे वळल्या. "त्यांनाबी ठाव न्हाई, ऐकलं ना?"

मिनलला सांगावंसं वाटलं, की आई, त्यांना ठाऊक आहे, त्या भाषेत डॉक्टर असंच बोलतात. पण ते डॉक्टरीणबाई बोलल्या नव्हत्या. जे बोललं गेलं तेच सांगायचं, हा तिचा धंद्यातला नियम. त्या रूपात एक फट होती आणि कुसुमताईंनी तिच्यात बोटं घालून धरली होती. ती बोटं सोडवायला मिनलचं मन होईना.

रोज सकाळी कंपनीची गाडी त्यांना घेऊन यायची. नाशिक हायवेवरच्या गर्दीत अडकली की मालोजी ड्रायव्हरच्या फोनवरून कळवायचे, "बाई, डाक्टरीनबाईला थांबवा जरा." मिनल पडद्याकडे बघून म्हणायची, एस्पेरे, दोक्तोरा. त्या थांबायच्या. रोज त्याच रूपातली वाक्यं यायची, आणि कुसुमताई त्यातून काहीतरी उचलून घरी न्यायच्या. एके दिवशी सूज उतरली तर बघू, असं कळलं. गाडीत बसेपर्यंत त्याचं सूज उतरायला लागली असं झालं होतं. विजयश्री मात्र काही विचारायची नाही. ती पडद्यावरच्या खाटेच्या कोपऱ्याकडे बघत राहायची, जिथून पांढऱ्या चादरीचा थोडासा भाग दिसायचा.

एका सकाळी डॉक्टरीणबाईंना मध्येच कुणीतरी बोलावलं. त्या उठून गेल्या. पडद्यावर एऊसेबिओ एकटा राहिला. त्यानं खुर्ची पुढे ओढली, दाराकडे पाहिलं आणि मिनलशी बोलू लागला. सावकाश बोलला, तिला एकही शब्द सुटू नये असा.

इंजिनिअरनं त्याला आत जायला सांगितलं, तो म्हणाला. सुजित म्हणत होता, आधी मशीन पूर्ण बंद करा. इंजिनिअर म्हणाला, वेळ नाही, मी पॅनलपाशी उभा आहे. एन्त्रे उस्तेद, यो कुइदो. तुम्ही आत जा, मी बघतो. आणि तो गेला. मी शेजारच्या मशीनवर होतो, मी ऐकलं. आता ते म्हणतायत की 'नो एन्त्रे' सांगितलं होतं आणि या माणसाला भाषा कळली नाही. सेन्योरीता, त्याला कळली होती.



"काय म्हनतो त्यो?" मालोजींनी विचारलं.

मंजुषा मॅडम टेबलाच्या टोकाला बसल्या होत्या. त्यांना स्पॅनिश येत नव्हती, पण 'इंजिनिअर' आणि 'एन्त्रे' त्यांच्या कानांनी बरोबर टिपलं होतं. "मिनल, हा डॉक्टरांचा कॉल आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "बाकीचं नको. चौकशी चालू आहे, तिथं येईल ते."

"काय म्हनतो?" मालोजी पुन्हा म्हणाले. या वेळी ते मिनलकडे बघत नव्हते, मंजुषा मॅडमकडे बघत होते.

मिनलनं सांगितलं. गाळलं नाही आणि वाढवलंही नाही. "तो म्हणतो, साहेबानं सुजितला आत जायला सांगितलं. सुजित मशीन बंद करा म्हणत होता. साहेब म्हणाला, तुम्ही आत जा, मी बघतो. म्हणून तो गेला. आता ते म्हणतात, जाऊ नका असं सांगितलं होतं, त्याला भाषा कळली नाही. हा माणूस म्हणतो, त्याला भाषा कळली होती."

मंजुषा मॅडमनी डोळे मिटले. विजयश्रीनं पहिल्यांदाच मिनलकडे सरळ पाहिलं आणि विचारलं, "ताई, 'आत जा' कसं म्हनत्यात त्यांच्यात?"

"एन्त्रे."

विजयश्रीनं तो शब्द ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिला. कुसुमताईंनी तो ऐकला. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला, काहीतरी जुळत गेल्यासारखा. सुजित रजेवर आला होता तेव्हा त्यानं अंगणात पोरीला घेऊन हा खेळ खेळून दाखवला होता. एन्त्रे म्हटलं की उंबऱ्याच्या आत, साल्गा म्हटलं की बाहेर.

"हे तूच शिकिवलंस त्याला," त्या म्हणाल्या.

"हो."

"भाषा आली नसती, तर उभा राह्यला असता माजा ल्योक. काय म्हनतो म्हनून इचारत बसला असता." त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "तेवढ्यात त्यो हात फिरून गेला असता."

मालोजी म्हणाले, "कुसुम, गप." मिनललाही त्याच क्षणी तेच सुचलं होतं.

बाहेर कॉरिडॉरमध्ये मंजुषा मॅडमनी तिला गाठलं. त्या ओरडल्या नाहीत. "मला आता वर फोन करून सांगावं लागेल, की घरच्यांना असं असं कळलंय. ते विचारतील कुणी सांगितलं. मी काय सांगू, तूच सांग."

"मी सांगितलं म्हणून सांगा."

"तुला कळतंय ना?"

"कळतंय, मॅडम."

संध्याकाळी घरी येऊन तिनं भीमराजांना सगळं सांगितलं. ते ड्युटीवर जायला निघाले होते, युनिफॉर्मची बटणं लावत ऐकत राहिले. "दुसरं काय करणार होतीस," ते म्हणाले. मग दारातून परत फिरले. "पण त्या बाईचं म्हणणं मनाला लावून घेऊ नकोस, असं मी सांगणार नाही. ते लागणारच. जेवून घे."

पुढचे दोन कॉल मिनलनंच केले, कारण नवा दुभाषी मिळायचा होता. दुसऱ्या कॉलला डॉक्टरीणबाई खुर्चीवर बसल्या नाहीत. त्या उभ्या राहूनच बोलल्या आणि त्यांचं क्रियापद बदललं होतं. असावा, व्हावा, येईलसा वाटत नाही, यातलं काही नव्हतं. ते सरळ रूप होतं, घडून गेलेल्या गोष्टीचं. अर्थ डोक्यात शिरायच्या आधी मिनलला ते रूपच ऐकू आलं, आणि आता हे मराठीत आणताना एकही फट ठेवता येणार नाही, हे तिला कळलं.

"सुजित गेला," ती म्हणाली.

कुसुमताई म्हणाल्या, "त्यांना वाटतं का तसं?"

"नाही, आई. गेला."

डॉक्टरीणबाईंनी शेवटी हात जोडले. कुणीतरी सांगितलं असावं, इकडे असं करतात. के देस्कान्से, त्या म्हणाल्या. त्याला विश्रांती मिळो. मिनलनं तेही सांगितलं, पण तोवर कुणाचं लक्ष नव्हतं. मालोजी बायकोला खांद्याला धरून बसले होते आणि विजयश्री पडद्यापाशी जाऊन उभी राहिली होती, तिकडचा फोन वळवून कुणीतरी खाट नीट दाखवील म्हणून. ते एऊसेबिओनं ओळखलं. मिनलला सांगावं लागलं नाही. त्यानं फोन हातात घेतला आणि सुजितच्या तोंडाजवळ नेला. डोक्याला पट्ट्या होत्या, दाढी वाढली होती. विजयश्री त्याच्याशी काय बोलली ते मिनलनं ऐकलं नाही. ती उठून खिडकीशी गेली होती. त्याचं भाषांतर कुणाला नको होतं.

देह यायला बरेच दिवस लागले. वाडीत अंत्यविधीला कंपनीची माणसं आली, हार घेऊन आली, आणि मागे उभी राहिली. मिनलही गेली. कुसुमताईंनी तिला बायकांत बसायला जागा दिली, पण बोलल्या नाहीत.

चौकशी तिकडेच झाली. दुभाषी एका एजन्सीचा होता. अहवालात आलं, की कामगाराला तोंडी मनाई केली होती, परंतु भाषेच्या अडचणीमुळे ती समजली नसावी. "समजली नसावी." मिनलला ते वाचून दाखवायला मालोजीच आले होते, चाकणला, कंपनीच्या गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर. तोवर मिनलचं कंत्राट संपवलेलं होतं. पुढच्या तुकड्यांना ऑनलाइन शिकवायचं ठरलं, असं कारण दिलं होतं. ती त्या दिवशी राहिलेलं सामान न्यायला आली होती.

"वाडीत लोकं म्हनत्यात," मालोजी म्हणाले, "येत न्हवतं तर कशाला गेला परमुलखात. त्याला येत व्हतं ना, बाई?"

"येत होतं. तुकडीत कानानं सगळ्यात पक्का तोच होता."

"मंग त्यो मेक्सिकोवाला सांगंल का पुन्यांदा? आमी वकील बघतो."

मिनलनं तिथंच, टपरीच्या बाकावर बसून, एऊसेबिओला व्हॉइस मेसेज पाठवला. तिनं विनंती शक्य तितक्या अदबीनं केली. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. मागे मुलींचा गलका होता, ताटल्या वाजत होत्या. सेन्योरीता, तो म्हणाला, मी परत सांगावं असं मला सांगू नका. नो मे लो पिदा. मला तीन मुली आहेत आणि इथं दुसरा कारखाना नाही. मी त्याच्यासाठी मेणबत्ती लावतो. मला फोनही करू नका.

तिनं तो मेसेज मालोजींना जसाच्या तसा सांगितला. तिला वाटलं होतं, ते चिडतील. ते म्हणाले, "तीन पोरी व्हय." मग म्हणाले, "त्याला काय म्हनायचं. बसला व्हता बिचारा रोज."

वकिलानं सांगितलं, साक्षीदार नाही तर काही धरायला नाही. विम्याचं जे मिळायचं ते मिळालं. इंजिनिअर तिकडेच आहे. विजयश्री मुलीला सासूपाशी ठेवून चाकणला वायरिंगच्या कंपनीत लागली, पहिल्या शिफ्टला. कधी कामानिमित्त पिंपरीला आली आणि बसमध्ये मिनल दिसली, की शेजारी जागा करते, मुलीचे फोटो दाखवते, सुजितचा विषय काढत नाही.

मिनल आता रावेतमध्ये एका क्लासला शिकवते. परदेशी जाऊ पाहणारी आयटीतली मुलं येतात, त्यांना सगळं भराभर हवं असतं. ती व्याकरण शिकवते, निबंध तपासते, कवायत घेत नाही. कुणी विचारलं, आदराचा हुकूम आला तर पटकन ओळखायचा कसा, तर ती ओळखायची खूण सांगते आणि त्यापुढे हेही सांगते, की ओळखला म्हणजे पाळलाच पाहिजे असं नाही. पोर के, म्हणजे का, हे विचारायला आधी शिका. मुलं ते वहीत लिहून घेतात. काहींना तो व्याकरणाचाच नियम वाटतो.

महिन्या-दोन महिन्यांनी मालोजींचा फोन येतो. "तिकडचं काय कळलं का, बाई?" ते विचारतात.

"नाही, बाबा. काही नाही."

"बरं." मग ते भीमराजांच्या गुडघ्याची चौकशी करतात, यंदा बटाटा कसा निघाला ते सांगतात. एकदा मिनलनं धीर करून विचारलं, "आई कशा आहेत? माझ्याशी बोलतील का?"

पलीकडे फोनवर हात ठेवल्यासारखी शांतता झाली. दबके आवाज आले. मग मालोजी परत आले.

"न्हाई म्हनती," ते म्हणाले. "पुढच्या येळी बघू."